नाताळच्या ताटात करंजी कशी आली?

डिसेंबर उजाडला की सोशल मीडियावर दोन प्रकारच्या पोस्ट ठरलेल्या. एकीत लाल टोपी घातलेली मुलं आणि प्लम केक, दुसरीत 'हा आपला सण नाही' असा सल्ला. गंमत म्हणजे दोन्हींमधलं नाताळचं चित्र एकच असतं: बर्फ, सांता आणि सूचिपर्णी झाड.

पण नाताळच्या आधीच्या आठवड्यात वसई, अहिल्यानगर किंवा गोव्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घरात डोकावून बघा. तिथे ओल्या खोबऱ्याचं सारण परतलं जात असतं. करंजी नाताळच्या ताटात पोहोचली कशी, हे समजून घेऊया.

आधी शब्दाचं बघू

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या 'नाताल'वरून आला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये असून जन्माशी जोडलेलं आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1534 मध्ये वसई त्यांच्या ताब्यात आली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत तिथे त्यांची सत्ता होती. पाव आणि बटाटा हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आले.

अहिल्यानगरची, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरची गोष्ट वेगळी. तिथे 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. तिथले बरेच ख्रिस्ती प्रोटेस्टंट, त्यांचा पोर्तुगीजांशी संबंध नाही. तरी सणाचं नाव तिथेही नाताळच, आणि त्याच्या खाण्याला म्हणायचं फराळ. करंजी, चकली, शंकरपाळी, सगळं दिवाळीसारखंच.

ताटात नेमकं काय काय असतं?

गोव्यात आणि मंगळुरूकडे नाताळच्या या गोडधोडाला 'कुस्वार' म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपली करंजी. गोव्यातली हिंदू घरं याच नेवऱ्या चतुर्थीला करतात.

मग कुलकुलं. गोड पिठाची छोटी गोळी काट्याच्या चमच्यावर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची आणि तळायची. आकार अळीसारखा दिसतो म्हणून कोकणीत त्यांना 'किडयो' असंही म्हणतात.

दोदोल होतं तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ यांचं, आणि ते तासन् तास ढवळावं लागतं. बेबिंका त्याहून चिकाटीची: एक थर भाजून झाला की त्यावर दुसरा. पारंपरिक पद्धतीत वरून नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांची धग देतात. गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत मिल्क क्रीम आणि मार्झिपॅन हवंच. युरोपात मार्झिपॅन बदामाचं करतात, इथे अनेक घरांत ते काजूचं होतं. आणि काजूही मूळचा इथला नाही, पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमधून आणला.

हे असं का झालं?

कारण साधं आहे. धर्म बदलला तरी चूल तीच राहिली. घरात ओव्हन नव्हता, कढई होती. हाताशी तांदूळ, नारळ आणि गूळ होता. 'सणाला घरात तळण झालंच पाहिजे' ही सवय तर त्याहून जुनी. बाहेरून आलेली कृती इथल्या सामानात बसवली गेली आणि इथला पदार्थ नव्या सणाच्या ताटात गेला.

दारावरच्या चांदणीचंही तसंच. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि आत दिवा. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या हातांना ही चांदणी वेगळी शिकावी लागत नाही.

ताट शेजारी का पाठवतात?

गोव्यात या ताटाला 'कोन्सुआद' म्हणतात. पोर्तुगालमध्ये हा शब्द 24 डिसेंबरच्या रात्रीच्या कौटुंबिक जेवणासाठी वापरतात. गोव्यात त्याचा अर्थ झाला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायचं गोडाचं ताट. घरातल्या घरात साजरी होणारी गोष्ट इथे उंबरठा ओलांडून बाहेर गेली.

आणि रिकामं ताट परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. म्हणून चतुर्थीला किंवा दिवाळीला हिंदू शेजाऱ्यांकडचा फराळ यांच्या घरी येतो. सण दोन घरांचे असले तरी ताटाची ये-जा वर्षभर चालू राहते.

मग आता अडचण काय?

कुलकुलं हे एकट्याचं काम नाही. आजी पीठ मळणार, आई तळणार आणि पोरं कंगवे घेऊन गुंडाळायला बसणार, असा तो बेत. चुलत-मावस भावंडांना एकत्र बसवणारी संध्याकाळ म्हणजेच खरं तर नाताळची आठवण. आज भावंडं आखातात, कॅनडात, नाहीतर पुण्याच्या फ्लॅटमध्ये. त्यामुळे बऱ्याच घरांत कुस्वार ऑर्डरने येतो. त्यात वाईट काही नाही, घरगुती व्यवसाय करणाऱ्या कितीतरी बायकांची डिसेंबरची कमाई त्यावर होते.

पण ऑर्डरच्या डब्यातून कृती पुढच्या पिढीकडे जात नाही. आजीचं माप असतं 'पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ' आणि 'गूळ रंग बघून'. ते कुठल्या वहीत सापडणार नाही.

म्हणून यंदा घरी कोणी कढई चढवली तर मोबाईल काढा आणि रील करायच्या आधी एक लांबलचक, कंटाळवाणा व्हिडिओ करून ठेवा. मूठभर म्हणजे किती, ते वाटीने मोजून लिहा. घरात नाताळ नसेल आणि शेजारून ताट आलं, तर 'हे कसं केलं?' एवढं विचारा. ताट परत करताना मात्र त्यात काहीतरी घालायला विसरू नका.