फडताळ उजळलं, तेही सोळाशेत!

घर जुनं असलं की त्यात एक तरी फडताळ असतंच. आमच्या वाईच्या घराची माजघराची भिंत चांगली दोन हात रुंद, दगड-मातीची. त्या भिंतीतच पाच कप्प्यांचं, दोन दारांचं फडताळ आहे. त्यात सासऱ्यांची पुस्तकं. २०२४ च्या मे महिन्यात घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा गवंडी म्हणाला, "ताई, हे भोक बुजवू या की. भिंत गुळगुळीत होईल, टीव्ही झकास बसेल." मुलाला ते लगेच पटलं. बुजवण्याचा खर्च सांगितला पंधरा हजार! मी म्हटलं, मला फक्त दोन हजार द्या, पंधरा दिवस द्या, मग ठरवा. हे हसले आणि दोन हजार हातावर ठेवले. एवढ्यात काही होणार नाही, अशी त्यांची खात्री असावी.

खरी अडचण पैशांची नव्हतीच, कुलपाची होती. सासऱ्यांच्या हयातीत फडताळाची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची. ते गेल्यावर ती देवघरातल्या डब्यात गेली. दसऱ्याला दाराला हळदकुंकू लावायचं, झालं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांचं आहे ते. उगाच कशाला हात लावतेस?" दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच किल्ली आणून दिली.

उघडलं तर ओलसर वास. खालच्या कप्प्याच्या चौकटीवर मातीचे बारीक बोगदे, म्हणजे वाळवी. पुस्तकांतून रुपेरी कसर पळत होती. सात-आठ पुस्तकं तर हातात घेताच भुगा झाली. आईंसमोर ती बाजूला काढताना मला अपराध्यासारखं वाटत होतं. त्यांनी एकेकाचं नाव वाचलं आणि मगच पोत्यात टाकू दिलं.

तेव्हा पहिली गोष्ट सांगते ती सजावटीची नाही. आधी ओल कुठून येते ते शोधा. आमच्या फडताळाच्या मागे परसदार आहे, तिथे पन्हळ फुटून पाणी भिंतीवर पडत होतं. ती बदलल्याशिवाय आत लावलेला रंग पाण्यातच गेला असता. (पन्हळीचा खर्च ह्यांच्या खात्यात!) ओल्या भिंतीला ऑइलपेंट लावू नका. वरून चकाचक दिसतो, पण आतलं पाणी आतच कोंडतं आणि वर्षात फुगे येतात. मी भिंत महिनाभर वाळू दिली. पंधरा दिवसांची मुदत तिथेच संपली, पण तोवर मुलगाही कामाला लागला होता. मग आतून दोन हात पांढरा डिस्टेंपर दिला. फडताळ आतून काळोखं असतं, पांढऱ्या रंगानं निम्मा अंधार जातो. ऑइलपेंट फक्त लाकडी चौकटीला, तोही पॉलिश पेपरनं घासून. वाळवी लागलेला चौकटीचा तुकडा सुताराकडून कापून काढला आणि नवा बसवला. वाळवी फार पसरलेली असेल तर मात्र घरगुती उपायांच्या नादी न लागता जाणकाराकडून औषध मारून घ्या.

सुतार आलाच होता तर आणखी एक काम करून घेतलं. दारांच्या मधल्या फळ्या काढून तिथे जाळी बसवली, दुधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाला असते ना, तशी. आता धूळ कमी, हवा खेळती. आणि कप्प्यांच्या मागच्या बाजूला आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे पुस्तक भिंतीला टेकत नाही, मागे दोन बोटं जागा राहते. एवढ्या एका गोष्टीनं पुस्तकांचं आयुष्य वाढतं.

आता नटवण्याचं! वॉलपेपरचे भाव ऐकून मी दुकानातून परत आले. आईंचं एक जुनं इरकल होतं, पदर विरलेला, काठ मात्र शाबूत. शेजारच्या दुकानातून फ्रीजचं रिकामं खोकं आणलं, त्याचे पुठ्ठे कप्प्यांच्या मापाने कापले आणि त्यावर इरकल ताणून कडांना फेविकॉलनं चिकटवलं. हे पुठ्ठे भिंतीला चिकटवायचे नाहीत, नुसते पट्ट्यांना टेकवायचे. केव्हाही काढून मागे ओल बघता येते. आणि कणकेची खळ वापरू नका, कसरीला ती फार आवडते. पूर्वी बाइंडर खळीत मोरचूद घालत ते त्यासाठीच. पण मोरचूद विषारी, लेकराबाळांच्या घरात नको.

पुस्तकं पडू नयेत म्हणून दोन विटा घेतल्या, धुऊन वाळवून त्यांना खणाचं कापड गुंडाळलं. बाजारात शोभेच्या टेकूंना पाचशे रुपये मागतात. माळ्यावरचा पितळी डबा चिंचेनं घासून पेनं आणि चष्मा ठेवायला घेतला. बस्स, एवढ्याच वस्तू. फडताळात मनीप्लांटची बाटली ठेवू नका, पाणी आणि पुस्तक यांचं जमत नाही. रंगानुसार पुस्तकं लावायची टूम मी चित्रांत पाहिली, छान दिसते. पण मग हवं ते पुस्तक सापडायचं कसं? कसरीसाठी वेखंडाच्या आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पुरचुंड्या प्रत्येक कप्प्यात. लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्यांशेजारी वेखंड असायचं, ते उगाच नव्हे.

लावायची वेळ आली तेव्हा विश्वकोशाचे जाडजूड खंड सर्वांत खाली गेले. सासऱ्यांना त्यांचा फार अभिमान. विश्वकोशाचं काम आमच्या वाईतच चाललं ना! वरच्या तीन कप्प्यांत बाकीची पुस्तकं. एवढं करूनही एक कप्पा रिकामा राहिला, नेमका हाताच्या उंचीवरचा. मी आईंना सहज म्हटलं, "तुमची काही पुस्तकं असतील तर द्या."

त्या उठून आत गेल्या. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. लुगड्यांच्या तळाशी 'स्त्री' मासिकाचे जुने अंक, पान सुटलेली 'स्मृतिचित्रे', आणि मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांची पानं काढून गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेली चार बाडं. मी या घरात येऊन बावीस वर्षं झाली, मला पत्ता नव्हता. "दुपारी भांडी झाली की वाचायची," त्या म्हणाल्या. "फडताळात कशी ठेवणार? ते ह्यांचं."

मला एकदम भिलार आठवलं. २०१७ च्या मे महिन्यात भिलार पुस्तकांचं गाव झालं. आमच्या बचत गटाच्या बायकांना घेऊन मी तिथे गेले होते. पसरणीचा घाट चढून पाचगणी, तिथून पुढे जवळच. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांतच, पुस्तकं ठेवली होती. कुणीही यावं, बसावं, वाचावं. तिथे आमच्या गटातली एकजण मला हळूच म्हणाली होती, "ताई, हात लावला तर चालतो का?" तेव्हा मी तिला हसले होते.

तर तो हाताच्या उंचीवरचा कप्पा आईंचा झाला. बाडांना जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची कव्हरं घातली आणि नावं त्यांनीच लिहिली. फडताळाला कुलूप नाही. मुलानं वर छोटा एलईडी दिवा लावून दिला. टीव्ही समोरच्या भिंतीवर गेला, कुणाचं काही अडलं नाही.

हिशेब लिहिते, कारण फोन करून तोच विचारतात. डिस्टेंपर १४०, ऑइलपेंट १९०, सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी ६००, पट्ट्या आणि जाळी २५०, फेविकॉल ९०, पॉलिश पेपर ४०, खण १२०, दिवा १५०. एकूण १५८० रुपये. तुमच्या गावी थोडं इकडेतिकडे होईल.

उरलेले ४२० ह्यांना परत करायला निघाले तर आई म्हणाल्या, "थांब. माझ्या नावानं वाचनालयाची वर्गणी भर." आजवर घरात पुस्तक यायचं ते सासऱ्यांच्या खात्यावर आणि त्यांच्या पसंतीनं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. फॉर्म त्यांनीच भरला, सावकाश, संपूर्ण नाव लिहून.

पहिला पावसाळा बरा गेला. फक्त उजव्या कोपऱ्यात जराशी ओल दिसली, तो कोपरा रिकामा ठेवलाय. आता दर गणपतीआधी सगळी पुस्तकं काढून झटकायची असं ठरलंय. बाकीचे कप्पे माझ्याकडे, मधला आई स्वतः बघणार आहेत.