कोळशाचे सूत

पोलादाहून बळकट आणि ऍल्युमिनियमहून हलका असा कोळसा असतो, असे कोणी सांगितले तर आपण त्यास वेड्यात काढू. पण अशा कोळशाची विमाने आज आपल्या डोक्यावरून उडत आहेत. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य मागावरच्या कामगारांत गेले आणि शिक्षण, जे काही झाले ते, सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. कारण त्याच्या मुळाशी सूत आहे, आणि सुताची भाषा आम्हास थोडीफार कळते.

हे सूत निघते कशातून? बाजारात लोकरीसारखा दिसणारा जो स्वस्त स्वेटर मिळतो, त्याच्याच ऍक्रिलिक जातीच्या धाग्यातून. तो धागा ताणून धरून प्रथम दोनतीनशे अंश तापलेल्या हवेत भाजतात. तो पिवळा, मग तांबूस आणि शेवटी काळा होतो, व पुढे आच वाढविली तरी वितळत नाही. नंतर नत्रवायू भरलेल्या भट्टीत हजार अंशांच्याही वर तापवितात. प्राणवायू नसल्यामुळे तो जळून जात नाही. इतर द्रव्ये उडून जातात आणि जवळजवळ निव्वळ कर्ब उरतो. वखारीतला कोळसाही कर्बच. पण तेथे अणूंची जत्रा असते, येथे कवाईत. धाग्याच्या लांबीला धरून अणू रांगेने बसलेले असतात, आणि सारे बळ या शिस्तीत आहे. एकेक तंतू डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा बारीक. ही वाट जपानात ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी १९६१ च्या सुमारास दाखविली व इंग्लंडात फार्नबरोच्या सरकारी प्रयोगशाळेने पुढे दोनतीन वर्षांत ती पक्की केली.

नुसत्या सुताचे विमान होत नाही. मातीच्या गिलाव्यात काड मिसळतात ते कशासाठी? माती आकार धरते, काड ताण सोसते. येथे मातीच्या जागी राळ आहे. राळेत भिजविलेले कर्बाचे पट्टे साच्यावर एक उभा, एक तिरपा, एक आडवा असे थरावर थर चढवितात आणि बंद भट्टीत उष्णता व दाब देऊन शिजवितात. आपल्या घरच्या कुकरचेच तत्त्व. थर तिरपे का, हे विणकरास सांगावे लागत नाही. कापड ताण्याच्या दिशेने ओढले तर जे बळ दिसते ते तिरपे ओढल्यास दिसत नाही. असा तयार झालेला तुकडा तेवढ्याच आकाराच्या पोलादी तुकड्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच जड असतो.

२०११ साली प्रवासी वाहतुकीत आलेल्या बोइंग ७८७ विमानाचे निम्मे वजन अशा संमिश्र पदार्थांचे आहे. आपल्या तेजस विमानाचे सुमारे ४५ टक्के. पवनचक्क्यांची लांब पाती, शर्यतीच्या सायकली, पाय गमावलेल्या धावपटूंची पाती ही यादी कितीही वाढविता येईल. हल्ली पुन्हा तापवून मऊ करता येणारी राळही वापरात येत आहे. तिचे भाग सांधता येतात आणि मोडल्यावर वितळविता येतात. जुनी राळ एकदा घट्ट झाली की वितळत नाही, हा तिचा मोठा दोष.

पण या पदार्थाचा स्वभाव समजून न घेता त्याच्यावर भिस्त ठेवल्यास काय होते, तेही सांगितले पाहिजे. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आर-बी-२११ या इंजिनाच्या पंख्याला कर्बाची पाती लावण्याचे ठरविले. १९७० त पक्षी आदळल्याच्या चाचणीत ती फुटली, टायटॅनियमची पाती करावी लागली, खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. नुसत्या पात्यांनी ते काढले असे नव्हे. पण डर्बी गावच्या कामगारांना त्याची झळ पोचली. कर्बाची पाती १९९५ साली जी-ई-९० या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात यशस्वी झाली, ती धारेला टायटॅनियमची पट्टी बसवून.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. लोखंड आधी वाकते, पोचा पडतो, मग तुटते. माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. हा पदार्थ वरून चकचकीत असतो आणि आत थर सुटलेले असतात. शिवाय ओढ सोसण्यात तो जितका पटाईत, तितका दाब सोसण्यात नाही. टायटॅनिकचे अवशेष सुमारे ३८०० मीटर खोल आहेत. तेथे प्रवासी नेणाऱ्या ‘टायटन’ या पाणबुडीचे नळकांडे कर्बतंतूंचे होते. ध्वनिलहरींनी आतून तपासल्यावाचून त्यात माणसे उतरवू नयेत, असे कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने २०१८ साली लिहून दिले. त्याला नोकरीवरून काढण्यात आले. ते नळकांडे पुढे तडकले, दुसरे केले. २०२२ च्या जुलैत वर येताना या दुसऱ्यातून मोठा आवाज झाला आणि मोजणीच्या यंत्रांनी फरक नोंदविला. तरी कोणी थांबले नाही. १८ जून २०२३ रोजी ते समुद्रात चिरडले आणि पाच जण गेले. हा अपघात टाळता आला असता, असे अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या चौकशी-अहवालाने २०२५ साली म्हटले. तपासनिसाचा ‘थांबा’ हा शब्द आम्ही संघटनेचे लोक नेहमी मागतो, तो का, हे यावरून वाचकांना कळावे.

विमानाचे भाग तसे तपासतात, रुग्णालयात सोनोग्राफी करतात त्याच रीतीने. मात्र भाग कापणाऱ्या आणि घासणाऱ्या माणसाकडे लक्ष जायला वेळ लागतो. आमच्या परिचयाच्या एका लहान कारखान्यात असे कर्बाचे पत्रे कापत. कापताना उडणारी काळी धूळ अंगावर बसे आणि रात्रभर खाज सुटे. राळेने मनगटांवर पुरळ उठे. चार महिने अर्ज चालले होते. कर्बातून वीज वाहते हे मालकांच्या ध्यानात नव्हते. एके दिवशी धूळ मोटारीत शिरून ती जळाली, आणि आठवड्याच्या आत धूळ ओढणारे यंत्र आले! आता तेथे कापणी पाण्याच्या धारेखाली होते, हातमोजेही मिळतात. राळेच्या डब्यांवरील इंग्रजी सूचना मराठीत लिहून भिंतीवर लावण्याचे काम आमच्याकडे आहे. त्यातले निम्मे झाले आहे.