भक्ष्य म्हणून वाढवलेला पतंग

खर्डा म्हटलं की १७९५ची मराठे-निजाम लढाई आठवते. शेतकऱ्यांना मात्र जामखेड तालुक्यातला हा भाग ठाऊक आहे तो रब्बी ज्वारीसाठी. साठवलेल्या ज्वारीला जाळी धरून दाण्यांचे गोळे झाले, की ते काम बहुधा तांदळावरच्या पतंगाच्या, कोरसायराच्या अळीचं. घरात तिचा नायनाट करतात. जैविक कीडनियंत्रणाच्या प्रयोगशाळेत मात्र तिचीच बडदास्त असते.

पाळीव सरड्यांना खाऊ घालण्यासाठी जगभर झुरळं पाळतात, तसंच हे पालन. इथला खाणारा मात्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, ट्रायकोग्रामा. हा परोपजीवी कीटक दुसऱ्या किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतो आणि त्याची अळी ते अंडं आतून खाऊन वाढते. उसावरच्या खोडकिडीची, कपाशीवरच्या बोंडअळीची अंडी अशी फुटायच्या आधीच संपतात.

ट्रायकोग्रामा वाढवायला कोरसायराची अंडी लागतात, त्यासाठी आधी पतंग हवेत. ज्वारी भरडायची आणि तापवून निर्जंतुक करायची. एका पेटीत साधारण अडीच किलो भरड, त्यात शेंगदाण्याचा कूट, थोडं यीस्ट आणि कोळी होऊ नयेत म्हणून गंधक. वर कोरसायराची अंडी पसरायची. सुमारे चाळीस दिवसांनी राखाडी पतंग निघू लागतात आणि ते रोज गोळा करावे लागतात. त्यांच्या पंखांची बारीक खवलं हवेत उडून छातीत जातात, दम्याचा त्रास होतो. तोंडाला मास्क हवाच, तिथं काटकसर नको. ब्रेकॉन नावाची गांधीलमाशी आत शिरली तर अळ्यांना डंख मारून पेट्याच्या पेट्या रिकाम्या करते, म्हणून जाळ्या आणि दारं काटेकोर सांभाळतात.

गोळा केलेल्या पतंगांनी घातलेली अंडी चाळून अतिनील दिव्याखाली धरतात. आतला गर्भ मरतो, पण अंडं ट्रायकोग्रामासाठी चांगलं राहतं. हे केलं नाही तर कोरसायराच्याच अळ्या निघून बाकीची अंडी फस्त करतील. मग कार्डावर डिंक लावून एक घनसेंटिमीटर, म्हणजे अठरा-वीस हजार अंडी चिकटवतात. ट्रायकोग्रामाने अंडी घातली की तीन-चार दिवसांत कार्ड काळं पडतं आणि आठवडाभरात नवी पिढी बाहेर येते.

खरी अडचण इथून पुढची. फ्रिजमध्ये ठेवून फार तर दोन-तीन आठवडे मिळतात, त्यानंतर ट्रायकोकार्ड वाया जातं. लांबच्या गावी ते वेळेवर पोचायला हवं. ज्वारी पिकवणाऱ्या तालुक्यांतच अशा पेट्या का मांडू नयेत, असं मला राहून राहून वाटतं. कार्ड आलं की त्याच्या पट्ट्या संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या आणि त्या दिवसांत शेतावर कीटकनाशक फवारायचं नाही.