नायट्रोच्या गाडीतील सर्वोची बैठक
लेखांक ५ वा

मागील लेखांकात इंजिनातील ज्वलनाचा विचार केल्यानंतर, त्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या सामर्थ्याचा कारभार ज्या दोन लहानशा यंत्रांच्या हाती असतो, त्या सर्वोंकडे आता वळावयाचे आहे. रेडिओने हाकल्या जाणाऱ्या, विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या खेळगाडीत पुढची चाके वळविणारा एक सर्वो पुरतो. परंतु मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर धावणाऱ्या गाडीत कार्ब्युरेटर उघडण्यासाठी आणि ब्रेक दाबण्यासाठी दुसरा सर्वो अपरिहार्य असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या जोसेफ फार्को यांनी वाफेच्या बळाने जहाजाचे सुकाणू वळविण्याची जी योजना सिद्ध केली, तिचेच तत्त्व या काडेपेटीहून थोड्या मोठ्या पेटीत नांदते: हुकूम मिळालेली जागा आणि आस प्रत्यक्षात असलेली जागा यांतील अंतर सतत मोजावयाचे व ते नाहीसे होईपर्यंत मोटार फिरवावयाची. हा हुकूम सेकंदाला सुमारे ५० वेळा येतो आणि दीड मिलिसेकंदाचा स्पंद आला की आस मध्यावर राहतो.

हे यंत्र स्वतः कितीही अचूक असले, तरी ज्या पायावर ते बसविले आहे तो पाया हलत असेल तर त्या अचूकतेची किंमत शून्य होते. कारण सर्वोने दिलेला जोर चाकाकडे जाण्याऐवजी त्याच्या स्वतःच्याच देहाला मागे रेटण्यात खर्ची पडतो. शिवाय साडेतीन घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ३०,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०० धक्के चेसिसमधून सर्वोच्या अंतर्भागातील बारीक दातेरी चाकांपर्यंत पोचतात. मूल गावच्या भातगिरणीत दिवसभर थरथरणाऱ्या चाळणीचे नट कसे सैल होतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या धक्क्यांचे परिणाम वेगळे सांगावयास नकोत. सर्वो घट्टही असावा आणि त्याला कंपही लागू नये, या परस्परविरोधी वाटणाऱ्या मागण्यांची तडजोड त्याच्या कानांतील चार भोकांत केलेली असते. प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट बसवावा, त्यातून पितळी बुश खालच्या बाजूने घालावा व त्याची रुंद कड, सर्वो ज्यावर बसतो त्या चेसिसच्या पट्टीकडे ठेवावी. म्हणजे स्क्रू आवळला असता दाब बुशावर येतो आणि रबर चिरडले जात नाही. बुश उलटा घातला, किंवा अनावश्यक म्हणून टाकून दिला, तर रबर दबून दगडासारखे होते व ते बसविण्याचा हेतूच विफल होतो. धातूच्या आट्यांना, ते सैल होऊ नयेत म्हणून, निळे लॉकटाइट लावावे. प्लॅस्टिकला मात्र ते लावू नये, कारण कित्येक जातींच्या प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

आपल्या चंद्रपूरच्या मुलुखात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि सायलेन्सरमधून उडणारे तेल पट्टीवर बसून त्यावर मुरुमाची धूळ घट्ट चिकटते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर सर्वोभोवतीचा भाग पुसून काढावा व स्क्रूंची तपासणी करावी.

बसविण्याच्या कामातील सर्वांत उपेक्षित गोष्ट म्हणजे हॉर्नची, अर्थात सर्वोच्या आसावर चढणाऱ्या दांडीची, दिशा. प्रथम ट्रान्समीटर, मग रिसीव्हर सुरू करावा, मध्याची बारीक दुरुस्ती करणारे ट्रिम शून्यावर आणावे, सर्वोला आपल्या मध्यावर येऊ द्यावे आणि त्यानंतरच हॉर्न चाकांकडे किंवा कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या दुव्याशी काटकोन करील असा चढवावा. आसावरील दात्यांची संख्या सर्व कंपन्यांत सारखी नसते. फुटाबाच्या सर्वोवर २५, तर हायटेकच्या पुष्कळशा सर्वोंवर २४ दाते असतात. तेव्हा बळजबरीने चढविलेला हॉर्न दाते खाऊन टाकतो. कार्ब्युरेटर पूर्ण उघडल्यावरही सर्वो आणखी ओढू पाहत असेल, तर ट्रान्समीटरवरून त्याच्या हालचालीची मर्यादा कमी करावी. अडून गुरगुरणारा सर्वो बॅटरी पिऊन टाकतो व शेवटी जळतो.

माझ्या मते, दिशेच्या सर्वोपेक्षा या दुसऱ्या, वेगाच्या सर्वोकडेच अधिक लक्ष द्यावयास हवे. चाके वळविणारा सर्वो बिघडला तर गाडी भरकटते, पण वेग आवरता येतो आणि तिला थांबविता येते. वेगाचा सर्वो बैठकीतून सुटला, तर उघड्या कार्ब्युरेटरनिशी सुटलेल्या तीन-साडेतीन किलो वजनाच्या गाडीवर कोणाचाच अंमल राहत नाही. म्हणून कार्ब्युरेटरला मिटवून ठेवणारी स्प्रिंग अवश्य जोडावी, म्हणजे दुवा तुटला तरी झडप आपोआप बंद होते. तथापि बैठक सैल होऊन दुवा तसाच राहिल्यास ती स्प्रिंगही उपयोगी पडेलच असे नाही, हे विसरू नये.

चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा अन्य कोणत्याही महाविद्यालयातील जे विद्यार्थी स्वतः चेसिस घडवून अशी गाडी स्पर्धेत उतरवू इच्छितात, त्यांना माझी एकच विनंती आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी, गाडीची चाके जमिनीपासून उचलून धरून, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करावा. वेगाचा सर्वो आपण होऊन ब्रेकच्या बाजूस गेला, तरच संदेश तुटल्यावर गाडी थांबविणारी फेलसेफची तजवीज बरोबर आहे असे समजावे, आणि तसे न झाल्यास त्या दिवशी गाडी मैदानात नेऊ नये. पुढील लेखांकात रिसीव्हरची पेटी आणि बॅटरी यांचा विचार करू.