मुलाखतीला जाताना कान तपासले का?

एमबीबीएसच्या प्रवेशासाठी आपल्याकडे सहसा मुलाखत नसते. 'नीट'चे गुण आणि प्रवेशफेऱ्या यांवरच काम भागते. पुण्याचे सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे 'एएफएमसी', याला अपवाद. तिथे 'नीट'मधून निवडलेल्या मुलांची इंग्रजी व तर्कशक्तीची चाचणी होते, मुलाखत होते आणि लष्करी डॉक्टर शारीरिक तपासणीही करतात. मूळ कागदपत्रे, झेरॉक्स, फोटो यांची फाईल घरोघरी आठवणीने भरली जाते. तपासणी मात्र कोणाच्या ध्यानातच नसते.

आमच्याकडच्या एका सिस्टरांचा मुलगा मुलाखत उत्तम देऊन तपासणीत अडला. कानात इतका मळ, की पडदाच दिसेना. तात्पुरता अपात्र! फेरतपासणीची सोय असते म्हणून निभावले, पण तोवर मायलेकांची झोप उडाली. मी रोज त्यांच्यासोबत काम करतो. मलाही आधी सुचले नाही.

बोलावणे आल्यावर हातात थोडेच दिवस उरतात. म्हणून 'नीट' संपली की लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन यावे. घरी काडी किंवा बड घालू नये. मळ आणखी आत ढकलला जातो. घट्ट मळ थेंबांनी मऊ व्हायलाच काही दिवस लागतात. दातांचेही तेव्हाच दाखवून घ्यावे. डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचून पाहावा. रंगांधळेपणा मुलांमध्ये जास्त आढळतो आणि पुष्कळांना तो असल्याचे सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत ठाऊकच नसते. त्यावर उपाय नाही, पण ते घरी आधी कळलेले बरे.

बॅगेत चष्मा आणि त्याच्या नंबराचा कागद हवा. पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड घ्यावे. व्रण लपत नाही, तेव्हा विचारल्यावर सरळ सांगावे. दम्याचा पंप किंवा रोजची गोळी चालू असेल तर तीही सोबत हवी.

रात्रभर जागून, गाडीतून उतरून थेट तपासणीला जाऊ नये. जागरण, धास्ती आणि वर दोन कप कडक कॉफी, एवढ्यावर निरोगी मुलाचाही रक्तदाब चढा दिसतो. आदल्या दिवशी पोहोचावे. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी असे टिकणारे काही असावे. बाहेरचे खाऊन पोट बिघडवण्याचा हा मुहूर्त नव्हे. आणि हो, तपासणीत कपडे उतरवावे लागतात. आतले कपडे धड आणि स्वच्छ असावेत, हे मुलांना कोणीच सांगत नाही.