गुरुजी तेच, मग शाळा निराळी का?



जून उजाडला की एकीकडे पेरणीची धांदल आणि दुसरीकडे पोरांच्या दप्तरांची, अशी घराघरांत तारांबळ उडते. बियाणे घेताना आपण पिशवी उलटीसुलटी करून पाहतो, उगवणशक्ती विचारतो. पोर मात्र एकदा शाळेत घातले की आपले काम संपले असे समजतो. पुढे चौथीतल्या पोराला सातबारावरचे बापाचे नाव धड वाचता आले नाही, की पारावर ठरलेले वाक्य ऐकू येते, "गुरुजी पाट्या टाकतात!"

असेलही तसे. कामचुकार माणूस कोणत्या खात्यात नसतो? पण एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. एका गावात मरगळलेले गुरुजी बदलीने दुसऱ्या गावी जातात आणि तिथे त्यांच्या हाताला जणू गुण येतो. माणूस तोच, पगार तोच, पुस्तकेही तीच. मग बदलले काय? बैल तोच असला, तरी जू वाकडे असेल तर तास सरळ निघत नाही. शाळेचे जू म्हणजे तिथली कामाची घडी.

चार वर्ग आणि एक गुरुजी

आपल्या वाडीवस्तीवरची पहिली ते चौथीची शाळा डोळ्यांपुढे आणा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात ६० मुलांपर्यंत २ शिक्षक धरले आहेत. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन वर्ग आलेच. शिकवण्याचे पाच तास धरले, तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला गुरुजींचे अडीच तास येतात. आता दोघांपैकी एक जण तालुक्याला बैठकीला गेला, तर राहतो सव्वा तास! त्यातच खिचडीचे तांदूळ मोजायचे, रजिस्टरे भरायची, वरून मागितलेली माहिती त्याच दिवशी पाठवायची. मग गुरुजींनी फळ्यावर पाढे लिहून "उतरून घ्या" म्हटले, तर तो आळस की नाइलाज, हे तुम्हीच ठरवा.

याच कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका, एवढीच शिकवण्याबाहेरची कामे देण्याची मुभा ठेवली आहे. मतदारयाद्यांचे काम शिक्षकांना शक्यतो सुटीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेरच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये सांगितले. पण कागदावरचा नियम बांधावर यायचा, तर त्याच्यामागे कुणीतरी चालावे लागते.

पगार वाढवून भागते का?

२००३ मध्ये देशातल्या २० राज्यांत सुमारे ३,७०० शाळांना न सांगता भेटी देऊन मोठी पाहणी झाली. सरकारी प्राथमिक शाळांत दर १०० शिक्षकांमागे २५ जण त्या वेळी शाळेत नव्हते. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, सुमारे १५ होते. पण खरा बोध पुढेच आहे. जास्त पगाराचे शिक्षक अधिक हजर असतात, असे काही दिसले नाही. जिथे नुकतीच तपासणी झाली होती, इमारत आणि सोयी बऱ्या होत्या, पक्का रस्ता जवळ होता, तिथे गैरहजेरी कमी होती. मुख्याध्यापकांची गैरहजेरी तर इतरांहून जास्त निघाली. विहिरीचा झराच आटला, तर पाटाला दोष देऊन काय उपयोग?

तपासणीचीही एक गंमत आहे. केंद्रप्रमुखांनी येऊन नुसती रजिस्टरे पाहिली, तर शाळा रजिस्टरे रंगवायला शिकते. तेच ते वर्गात मागे बसले, दोन पोरांकडून धडा वाचून घेतला, अडलेल्या जागी गुरुजींना युक्ती सांगितली, तर शाळा शिकवायला लागते. ज्या गोष्टीची विचारपूस होते, तीच माणूस नीट करतो. आपल्या सालगड्याचेही तसेच नाही का?

आपल्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे! कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा करणे आणि अनुदानाचा खर्च पाहणे, हे तिचे काम. पण बहुतेक जण घरी आलेल्या वहीवर सही करून मोकळे होतात. यंदा एवढे करून पाहा :

१. समितीची बैठक शेतीची कामे उरकल्यावर संध्याकाळी ठेवा, म्हणजे मायबहिणींनाही येता येईल.

२. महिन्यात शिक्षक किती दिवस बाहेरच्या कामाला गेले, ते वहीत लिहा. आकडा जास्त दिसला, तर समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, लेखी ठराव फायलीत राहतो.

३. पाणी, स्वच्छतागृह आणि गळके छप्पर आराखड्यात आधी घ्या. बाईंना दिवसभर शाळेत थांबायचे, तर स्वच्छतागृह हवेच.

४. रोज रात्री पोराला एक पान मोठ्याने वाचायला लावा. तुम्हाला अक्षर येत नसले, तरी ते कुठे अडखळते ते कानाला कळते. दुसऱ्या दिवशी गुरुजींना तेवढेच सांगा, पण रागाने नको.

आणि चांगले शिकवणाऱ्या गुरुजींना, बाईंना कधीतरी "पोरगं वाचायला लागलं हो!" एवढे आवर्जून सांगा. या शब्दाला पैसा पडत नाही, पण माणसाला हुरूप येतो.

पेरणी चुकली तर एक हंगाम जातो. पोराची पहिली चार वर्षे वाया गेली, तर दुबार पेरणी अवघड असते. म्हणून गुरुजींना बोल लावण्याआधी एकदा शाळेचे जू नीट पाहून या.