अनलिमिटेड डेटा प्लॅन सोडावा का? आमच्या घरातल्या तीन फोनचा एका महिन्याचा हिशोब

"रिचार्ज संपलं" हा मेसेज महिना पूर्ण व्हायच्या आधीच येतो आणि दरवेळी आपण विचार न करता तोच पॅक परत मारतो. आमच्या घरातही हेच चालू होतं. आम्ही राहतो मेडशीला, अकोल्याहून वाशीमकडे जाताना महामार्गावर लागणारं गाव. घरात तीन स्मार्टफोन: बाबांचा, आईचा आणि माझा. तिन्हींवर एअरटेलचा 349 रुपयांचा पॅक. रोज 1.5 जीबी डेटा, 28 दिवस.

एकदा सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर तिन्ही रिचार्ज एकाच आठवड्यात संपले. बाबा म्हणाले, "हजार रुपये फोनालेच गेले. अजून थोडे टाकले असते त डीएपीची गोणी आली असती."

बोलणं खरं होतं. 349 गुणिले तीन म्हणजे 1,047 रुपये. 28 दिवसांचा पॅक वर्षात 12 वेळा नाही, 13 वेळा मारावा लागतो. म्हणजे वर्षाला 13,611 रुपये. डीएपीची गोणी 1,350 ची धरली तर दहा गोण्या. तेव्हा ठरवलं की हा हिशोब नीट करायचा. तो करताना माझी एक मोठी चूक झाली, तीही सांगते. तुमची तरी होऊ नये.

आधी समजून घेऊ: "अनलिमिटेड" म्हणजे नक्की काय?

अनलिमिटेड असतात ते कॉल. डेटाला रोजची मर्यादा असते. 1.5 जीबी संपला की स्पीड 64 केबीपीएसवर येतो. हे 64 किलो"बिट" आहेत. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फक्त 8 केबी. 1 एमबीचा एक फोटो उघडायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ. व्हॉट्सअॅपचा साधा मेसेज जाईल, व्हिडिओ विसरा.

आणि उलट बाजू: रोजचा जो डेटा वापरला नाही तो रात्री 12 वाजता गेला. उद्यासाठी उरत नाही. 28 दिवसांचे 42 जीबी आपण विकत घेतो, पण एकदम मिळत नाहीत, रोज थोडे थोडे मिळतात. ज्याचा वापर कधी कमी कधी जास्त असतो, त्याचं दोन्हीकडून नुकसान: साध्या दिवशी डेटा वाया, गरजेच्या दिवशी अपुरा.

आता ही सवय लागली कशी? 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि मार्च 2017 पर्यंत डेटा फुकटच होता. त्याआधी आपण 1 जीबी महिनाभर पुरवत होतो! मग डिसेंबर 2019, नोव्हेंबर-डिसेंबर 2021 आणि जुलै 2024 अशा तीन मोठ्या दरवाढी झाल्या. आमचाच 1.5 जीबीचा पॅक 2021 मध्ये 249 चा 299 झाला आणि 2024 मध्ये 349. ऑगस्ट 2025 मध्ये जिओ आणि एअरटेल दोघांनीही 249 वाला रोज 1 जीबीचा पॅक बंद केला. म्हणजे ज्याला थोडाच डेटा लागतो, त्यालाही मोठ्या पॅककडे जावं लागतं.

मग पर्याय काय आहेत?

23 डिसेंबर 2024 ला ट्रायने नियम बदलला. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएस असलेला किमान एक पॅक द्यायलाच हवा. अशा व्हाउचरची मुदत 90 दिवसांपर्यंतच असायची, ती 365 दिवसांपर्यंत वाढवता येईल असंही ठरलं. जानेवारी 2025 मध्ये हे पॅक आले. एअरटेलवर सध्या अशा पायऱ्या दिसतात:

- फक्त कॉल + एसएमएस: 84 दिवस 469 रुपये, किंवा 365 दिवस 1,849 रुपये
- कॉल + वर्षभराचा मिळून 30 जीबी: 365 दिवस 2,249 रुपये
- कॉल + रोज 1.5 जीबी: 28 दिवस 349 रुपये, किंवा 84 दिवस 859 रुपये

जिओवरही फक्त कॉलचा पॅक आहे: 84 दिवस 448 रुपये, 336 दिवस 1,748 रुपये. दोन्ही कंपन्यांचे दर बदलत असतात, म्हणून रिचार्जआधी अॅपमध्ये आजचा आकडा बघून घ्या. हे पॅक यादीत खाली असतात, शोधावे लागतात.

माझी चूक

मला वाटलं, सोपं आहे. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, लेक्चर ऑनलाइन बघते, म्हणजे डेटा मला हवा. बाबांना आणि आईला कशाला लागतो? मी दोघांनाही विचारलं. बाबा म्हणाले, "मले त काही काम नाही त्याचं." आई म्हणाली, "पैसे वाचत असतील त काढून टाक माझं." मी दोघांच्या फोनवर 469 वाला मारला.

दहा-बारा दिवसांनी आईच्या बचत गटातल्या एक काकू घरी आल्या. "काल बैठकीले काऊन नाही आली?" बैठकीचा निरोप व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. गटाच्या हप्त्यांचा हिशोबही तिथेच फोटो काढून टाकतात. आणि पुण्याला दिलेली माझी ताई दर रविवारी बाळ दाखवायला व्हिडिओ कॉल करायची, ते कॉल आईला लागतच नव्हते. ती साधा फोन करून बोलून घ्यायची. आई मला यातलं काहीच बोलली नव्हती.

मी विचारलं, "सांगितलं का नाही?"

"तुझा अभ्यास आहे, तुले लागते डेटा. माझं काय, चालते."

मला फार वाईट वाटलं. पैसे वाचवायचे म्हटलं की घरात सगळ्यात आधी आईचं काहीतरी कमी होतं, आणि ते या वेळी मी केलं होतं. तेही न मोजता.

मग मोजलं. तुम्हीही असं मोजा

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क किंवा सिमच्या भागात "डेटा युसेज" सापडेल. नाव फोनप्रमाणे थोडं बदलतं, सेटिंग्जच्या सर्चमध्ये "डेटा" टाका. तिथे कोणत्या अॅपने किती डेटा घेतला ते दिसतं, आणि बऱ्याच फोनमध्ये मागच्या महिन्यांचा आकडाही राहतो. आयफोनमध्ये हा आकडा आपोआप शून्य होत नाही. म्हणून रिचार्जच्या दिवशी स्वतः रीसेट करा, नाहीतर दोन वर्षांचा एकत्र आकडा बघून घाबराल!

डेटा बंद करण्याआधीच्या महिन्याचे आमचे आकडे असे निघाले (फोन कॅलेंडर महिना मोजतो आणि पॅक 28 दिवसांचा, म्हणून थोडं ढोबळ धरा):

- मी: 19.6 जीबी
- आई: 2.1 जीबी, त्यात अर्ध्याहून जास्त व्हिडिओ कॉल
- बाबा: 0.3 जीबी, तेही बहुतेक अॅप आपोआप अपडेट झाल्याचे

तिघांचे मिळून 126 जीबीचे पैसे भरले, वापरले 22 जीबी. 104 जीबी रात्री बारा वाजता रोज थोडे थोडे गेले.

माझ्या आकड्यातही एक गोष्ट कळली. महिन्यात सहा दिवस माझा डेटा पूर्ण संपला होता, बाकीच्या दिवशी अर्धा जीबीही लागला नाही. आणि त्या सहा दिवसांत लेक्चरपेक्षा रील्स जास्त होत्या. घरात डेटा वाया घालवणारं कोण होतं, ते आकड्यांनी सांगितलं.

शेवटी काय ठरलं?

बाबा: फक्त कॉलचाच पॅक ठेवला, पुढे वर्षाचा 1,849 चा. बँकेचे आणि सरकारी कामांचे ओटीपी एसएमएसने येतात, त्याला डेटा लागत नाही. इंटरनेटशिवाय पैसे पाठवायला *99# ची सोय आहे, फक्त मोबाइल नंबर बँक खात्याला जोडलेला हवा. ई-पीक पाहणीच्या वेळी मात्र अॅप लागतं. त्या दिवशी मी शेतात सोबत जाते आणि हॉटस्पॉट देते.

आई: वर्षाला 30 जीबी, 2,249 चा. महिन्याला 2.1 जीबी म्हणजे वर्षाला साधारण 25 जीबी, आरामात बसतं. फक्त कॉलच्या पॅकपेक्षा हा 400 रुपयांनी महाग. महिन्याला 33-34 रुपयांत गट आणि नात दोन्ही. आधीचे 84 दिवस संपेपर्यंत तिला माझा हॉटस्पॉट दिला.

मी: अनलिमिटेड सोडलं नाही, पण 28 दिवसांऐवजी 84 दिवसांचा 859 वाला घेतला. वर्षाला साधारण 3,733 रुपये पडतात, आधी 4,537 होते. साध्या दिवशी रात्री 12 च्या आधी उरलेल्या डेटातून दुसऱ्या दिवसाची लेक्चर यूट्यूबमध्ये डाउनलोड करून ठेवते.

एकूण 7,831 रुपये. आधीचे 13,611. वर्षाला 5,780 रुपये वाचतात, आणि कोणाचंही गरजेचं काम अडत नाही.

सोडण्याआधी हे तपासा

1. सात दिवसांची फुकट चाचणी. रिचार्ज बदलण्याआधी त्या फोनचा मोबाइल डेटा आठवडाभर बंद ठेवा. काय काय अडलं ते लिहा. मी हे केलं असतं तर आईची बैठक चुकली नसती.

2. एकरकमी पैसे. वर्षाचा पॅक स्वस्त, पण पैसे एकदम लागतात. शेतीच्या घरात ते सोयाबीन विकल्यावर असतात, पेरणीला नाही. म्हणून वर्षाचं रिचार्ज दिवाळीच्या आसपास येईल असं जुळवा. मधल्या काळात 84 दिवसांचा चालतो.

3. रेंज. वर्षाचा पॅक मारून मध्येच सिम पोर्ट केलं तर उरलेले दिवस गेले. घरात, शेतात आणि कॉलेजात रेंज नीट येते का ते आधी बघा.

4. 5जी. अमर्याद 5जी डेटा सहसा रोज 2 जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच मिळतो. तुमच्या खोलीत 5जी टिकत असेल आणि वापर खरंच जास्त असेल, तर मोठा पॅकच परवडेल. टिकत नसेल तर त्याचे पैसे देऊ नका.

5. डेटा व्हाउचर. फक्त कॉलच्या पॅकवर वेगळं डेटा व्हाउचर चालतं का, हे रिचार्जआधी विचारून घ्या.

6. गळती बंद करा. व्हॉट्सअॅपमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद, प्ले स्टोअरमध्ये अपडेट फक्त वायफायवर, यूट्यूबमध्ये ऑटोप्ले बंद. यानंतर परत मोजा, कदाचित एक पायरी खाली उतरता येईल.

आणि घाबरू नका, हा निर्णय कायमचा नाही. अमेरिकेत एटी अँड टीने जून 2010 मध्ये नव्या ग्राहकांना अनलिमिटेड डेटा देणं बंद केलं, तेव्हा जुना प्लॅन एकदा सोडला की परत मिळत नव्हता. म्हणून लोक गरज नसतानाही तो धरून बसले. आपल्याकडे प्रीपेड आहे. नाही जमलं तर पुढचं रिचार्ज परत जुनं.

पण एक करा. फक्त स्वतःचा फोन मोजून घरच्यांचं ठरवू नका, आणि "मला नको" या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी त्यांच्या फोनमधला आकडा बघा. आईचा तर नक्कीच.